कवटी कुणाच्या हाती?



स्मृतिव्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून भुताच्या सिनेमाबद्दल तासभर बोलावं, हे कुणाला अप्रस्तुत वाटेल. मला तसं वाटत नाही. भयकथेचे संकेत शेंबड्या पोरालाही पाठ असतात: गावात आलेला परका माणूस, तोंड मिटून बसलेले गावकरी, जाऊ नये असं जंगल, मध्यरात्र आणि कुठेतरी पुरलेलं जुनं पाप. जिथे संकेत सगळ्यांना ठाऊक असतात, तिथेच सांगणाऱ्याचा कस लागतो. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान आधीच माहीत असतं. बुवा ते कसं लावतात, हे ऐकायला तो येतो. भयपटाचा जाणता प्रेक्षकही असाच येऊन बसतो.

आज मी एकच चित्रपट घेणार आहे. टिम बर्टन यांचा, नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘स्लीपी हॉलो’. पटकथा अँड्र्यू केव्हिन वॉकर यांची. ‘सेव्हन’ हा १९९५ चा अतिशय काळोखा गुन्हेपटही त्यांच्याच लेखणीतून उतरलेला. म्हणजे भुताची गोष्ट लिहायला इथे खुनाच्या तपासाची गोष्ट लिहिणारा माणूस बसला होता, आणि त्याचा ठसा चित्रपटावर शेवटपर्यंत दिसतो. शिर नसलेला एक घोडेस्वार रात्री जंगलातून येतो, माणसांची मुंडकी उडवतो आणि ती घेऊन जातो. असं भूत खरंच आहे का, यावर गोष्ट उभी आहे असं वरवर वाटतं. माझं म्हणणं असं आहे की खून करणाऱ्या भुताच्या गोष्टीत त्याहून मोठा प्रश्न दुसराच असतो: ते भूत कुणाच्या कामाला येतंय?

चित्रपटाचा आरंभच पाहा. कागदावर लालभडक थेंब पडतात. क्षणभर ते रक्त वाटतं, पण ती लाख असते. एका मृत्युपत्रावर मोहोर उमटवली जात असते. ते करणारा पीटर व्हॅन गॅरेट हा त्या खोऱ्यातला सगळ्यात मोठा जमीनदार. पुढच्याच दृश्यात तो घोडागाडीतून रात्रीचा निघालाय, बाहेर मक्याचं शेत, विजा चमकताहेत. डोकं बाहेर काढून पाहतो तर गाडीवानाच्या खांद्यावर मुंडकं नाही. तो उडी टाकून शेतात पळतो आणि भोपळ्याचं तोंड लावलेल्या बुजगावण्यापुढे येऊन थांबतो. मग त्या भोपळ्यावर रक्त उडतं. आधी दस्तऐवज आणि मग खून, हा क्रम पटकथेनं पहिल्या काही मिनिटांतच लावून दिला आहे. आपण मात्र घोडेस्वाराच्या धास्तीनं तो विसरून जातो, आणि आपण विसरावं अशीच पटकथेची इच्छा आहे.

या गोष्टीचं मूळ वॉशिंग्टन अर्विंग यांच्या १८२० मधल्या कथेत. हडसन नदीच्या काठी, टॅरीटाउनच्या जवळचं हे खोरं. तिथे डच वस्ती जुनी, चालीरीती जुन्या आणि भुताखेतांच्या गोष्टी मुबलक. (नॉर्थ टॅरीटाउन या गावानं १९९६ मध्ये आपलं नाव अधिकृतपणे बदलून ‘स्लीपी हॉलो’ करून घेतलं, इतकी ही कथा त्या मातीत मुरली आहे.) अर्विंग यांचा इकाबॉड क्रेन हा कनेटिकटहून आलेला, किडमिडीत अंगाचा शाळामास्तर. जादूटोण्यावर त्याचा पक्का विश्वास आणि खाण्यावर तितकंच प्रेम. श्रीमंत शेतकरी बाल्टस व्हॅन टॅसल यांची एकुलती एक मुलगी कॅट्रिना त्याला हवी असते. पण तिच्या घरी गेल्यावर त्याची नजर आधी कोठारांवर, डुकरांवर, बदकांवर आणि फळबागांवर फिरते. हे सगळं विकून पश्चिमेकडे स्वस्तात जमीन घ्यावी, इथवर त्याचे बेत पोचलेले असतात. एका रात्री मेजवानीहून परतताना शिर नसलेला स्वार त्याच्या मागे लागतो आणि स्वतःचं मुंडकं त्याच्यावर फेकतो. सकाळी लोकांना सापडते ती इकाबॉडची टोपी आणि शेजारी फुटलेला भोपळा. मास्तर गावातून नाहीसा होतो. कॅट्रिनाचं लग्न गावातल्या धट्ट्याकट्ट्या ब्रॉमशी होतं, आणि भोपळ्याचा विषय निघाला की ब्रॉम मोठ्यानं हसतो.

अर्विंग कुठेही ठामपणे सांगत नाहीत, पण वाचकाला कळायचं ते कळतं. इथेही भूत कुणाच्या तरी कामाला आलं. प्रतिस्पर्धी पळाला, मुलगी मिळाली आणि तिच्यामागोमाग येणारी शेतीवाडीही मिळाली.

बर्टन आणि वॉकर यांनी ही कथा जवळजवळ उलटी केली. शाळामास्तराचा न्यूयॉर्कचा कॉन्स्टेबल झाला. काळ १७९९, शतक संपत आलेलं. जॉनी डेपचा इकाबॉड भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसलेला, शवविच्छेदनाचा आग्रह धरणारा, स्वतः बनवलेली चमत्कारिक उपकरणं पेटीत घेऊन फिरणारा माणूस आहे. मूळ कथेतलं खोटं भूत इथे खरं झालं. ब्रॉमची भोपळ्याची चेष्टाही चित्रपटात आहे, पण ती लवकरच उरकते, आणि पुढे त्याच ब्रॉमला खऱ्या घोडेस्वाराच्या हातून मरण येतं. अर्विंग यांची कथा वाचलेला प्रेक्षक ‘उलगडा झाला’ म्हणून सैलावतो, तोच त्याच्या पायाखालची जमीन जाते. एवढी उलथापालथ करूनही एक गोष्ट मात्र पटकथेनं हलवली नाही. जमीन. किंबहुना अर्विंग यांनी हसत हसत सुचवलेला जमिनीचा लोभ इथे उघडा, रक्ताळलेला समोर येतो.

इथे जुन्या परंपरेकडे थोडं वळलं पाहिजे. गॉथिक कादंबरीची सुरुवात होरेस वॉलपोल यांच्या ‘कॅसल ऑफ ऑट्रँटो’पासून, १७६४ मध्ये, झाली असं मानतात. तिच्या आरंभीच एक अवाढव्य शिरस्त्राण आकाशातून पडतं आणि लग्नाला उभा असलेला वारस त्याखाली चिरडून मरतो. कारण काय, तर तो किल्ला मुळात बळकावलेला. खरा वारस परत येईपर्यंत तिथल्या भुतांना चैन नाही. म्हणजे या प्रकाराच्या पहिल्याच पुस्तकात भूत हे वारसाहक्काच्या वादातलं एक पक्षकार आहे. पुढे दोन वाटा झाल्या. अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या १७९४ च्या ‘मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये अंगावर काटा आणणाऱ्या प्रत्येक प्रसंगाचा शेवटी मानवी खुलासा मिळतो. मॅथ्यू लुइस यांच्या १७९६ च्या ‘द मंक’मध्ये सैतान खरोखरच सैतान असतो. तपासकथेनं रॅडक्लिफ यांची वाट उचलली. ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ आठवा. १९०१-०२ ची ती कादंबरी. घराण्याच्या शापाची दंतकथा, दलदलीत फिरणारा अमानवी कुत्रा, आणि शेवटी कळतं की कुत्रा हाडामांसाचा आहे, त्याच्या जबड्याला चमकणारा रासायनिक लेप फासलाय, आणि हे सगळं मिळकतीवर डोळा असलेल्या एका नातेवाइकानं केलंय.

‘स्लीपी हॉलो’ या दोन्ही वाटा एकत्र चालतो. भूत शंभर टक्के खरं आणि गुन्हाही शंभर टक्के माणसाचा. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताविषयी एक गाजलेला सिद्धान्त मांडला: ‘हे खरं की भास?’ या दोलायमान अवस्थेतच अद्भुत जिवंत राहतं, एका बाजूचा निर्णय झाला की ते संपतं. हा चित्रपट तो निर्णय फार लवकर देऊन टाकतो. दंडाधिकारी फिलिप्स गाव सोडून पळायला निघतो, इकाबॉड त्याला गाठतो, आणि तिथेच घोडेस्वार येऊन फिलिप्सचं मुंडकं उडवतो, तलवारीच्या टोकावर उचलतो आणि इकाबॉडकडे ढुंकूनही न पाहता निघून जातो. इकाबॉड अंथरुणात थरथरत पडतो. सावरल्यावर तो मोठ्या गांभीर्यानं गावकऱ्यांना सांगतो की शिर नसलेला घोडेस्वार खरोखरच आहे. त्यांना यात नवं काहीच नसतं. त्या घोडेस्वारासाठीच तर इकाबॉडला बोलावलेलं असतं. तोदोरोव्ह यांच्या हिशेबानं गोष्ट इथे संपायला हवी. प्रत्यक्षात ती इथे सुरू होते. इकाबॉड भूत मान्य करतो पण तपास सोडत नाही. भूत खून करतंय हे ठीक, पण याच माणसांचे का? हा प्रश्न विचारणारा नायक भयपटांत फार कमी दिसतो, आणि माझ्या मते या चित्रपटाची सगळी बुद्धी त्या एका प्रश्नात आहे.

तो प्रश्न विचारता येतो, कारण या भुताला नियम आहेत. तलवारीचे घाव तत्क्षणी डागल्यासारखे बंद होतात, रक्त वाहत नाही. चर्चच्या आवारात त्याला पाऊल टाकता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो दिसेल त्याला मारत नाही. त्याच्याकडे जणू यादी असते. यादीबाहेरच्या माणसाला तो बाजूला सारून जातो. ब्रॉम मरतो तो यादीत होता म्हणून नव्हे, तर घोडेस्वार निघून जात असतानाही तो त्याच्यावर पुन्हा पुन्हा वार करत राहिला म्हणून. नारायण धारपांच्या समर्थ-कथा वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: अमानवी शक्तीलाही हद्द असते, आणि ती हद्द शोधण्यात गोष्टीची निम्मी रंगत असते. नियम नसलेलं भूत कितीही भेसूर असो, थोड्या वेळात कंटाळा आणतं, कारण मग कुणाचाही जीव कधीही जाऊ शकतो आणि प्रेक्षकाला तर्क लढवायला काहीच उरत नाही. यादी असली की प्रेक्षक स्वतः नावं जुळवायला लागतो.

आता ती नावं जुळवू. व्हॅन गॅरेट, त्याचा मुलगा, विधवा एमिली विनशिप, आणि व्हॅन गॅरेटचा नोकर मॅसबाथ. गावात यांची थडगी चार, पण बळी पाच. विनशिपबाईंचं शव उकरून इकाबॉड शवविच्छेदन करतो तेव्हा कळतं की ती गरोदर होती आणि तलवार तिच्या पोटातही शिरली होती. व्हॅन गॅरेटनं तिच्याशी गुपचूप लग्न केलेलं, आणि नव्या मृत्युपत्रानं सगळं तिच्या आणि होणाऱ्या मुलाच्या नावे केलेलं. मॅसबाथ त्या मृत्युपत्राचा साक्षीदार. पाद्री स्टीनविकनं लग्न लावलेलं, डॉक्टर लँकेस्टरला गरोदरपण माहीत, नोटरी हार्डनब्रुकनं कागद केलेला, दंडाधिकाऱ्याच्याही कानावर सगळं. पुढे सुईण बेथ किलियनही यादीत येते, कारण गरोदर बाईची बातमी सुइणीला असायचीच. एकेक माणूस त्या एका कागदाच्या धाग्यानं बांधलेला आहे.

या उजेडात सुरुवातीचं एक दृश्य पुन्हा पाहावं. इकाबॉड गावात पोचतो त्या रात्री व्हॅन टॅसलच्या दिवाणखान्यात गावची बडी मंडळी जमलेली असतात. आग पेटलेली, पाइपचा धूर. बाल्टस (मायकेल गॅम्बन) त्याला घोडेस्वाराची कथा सांगतो. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी आणलेला जर्मन भाडोत्री सैनिक, दात कानशीनं टोकदार केलेला, बेभान होऊन मुंडकी उडवणारा. वीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पश्चिमेच्या रानात तो सापडला, त्याच्याच तलवारीनं त्याचं डोकं उडवलं आणि तिथेच त्याला पुरलं. क्रिस्टोफर वॉकेन यांनी हा सैनिक एकही शब्द न बोलता उभा केलाय. भयकथेतला हा अगदी ठरलेला संकेत: शेकोटीभोवती बसून जुन्या माणसानं दंतकथा सांगायची आणि नवख्यानं ऐकायची. पण इथे कोण बसलंय ते बघा. पाद्री, डॉक्टर, नोटरी, दंडाधिकारी. सगळ्यांना मृत्युपत्राची गोष्ट ठाऊक आहे आणि सगळे गप्प आहेत. बाल्टस सांगतो ती कथा शब्दशः खरी निघते. तरीही त्या खोलीत ती लपवाछपवीचं काम करते. भुताची कथा जोवर चालू आहे तोवर मिळकतीचा विषय निघत नाही. खरी गोष्ट सांगून खोटं बोलण्याची ही तऱ्हा गाव, घराणी आणि राज्यं सगळीच वापरत आली आहेत. ती इतक्या सहज, फक्त बसण्याच्या मांडणीतून दाखवलेली मी दुसऱ्या भयपटात पाहिलेली नाही.

या घोडेस्वाराबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी. अमेरिकेतल्या त्या युद्धात इंग्लंडच्या राजानं जर्मन संस्थानिकांकडून सुमारे ३०,००० सैनिक भाड्यानं घेतले. बरेचसे हेसे-कासेलचे, म्हणून सगळ्यांनाच हेसियन म्हणायचे. करारातली मोठी रक्कम संस्थानिकांच्या तिजोरीत जाई. बाल्टसच्या कथेत मात्र हा सैनिक पैशासाठी नव्हे तर निव्वळ कत्तलीच्या हौसेनं लढतो. जमीनदाराच्या तोंडून भाड्यानं आणलेल्या शिपायाची गोष्ट अशीच येणार. आपल्याकडे डोकं उडालं तरी धड लढत राहिलं, अशी कथा १६६५ च्या पुरंदरच्या वेढ्यातल्या मुरारबाजी देशपांड्यांबद्दल सांगतात. तिथे धड लढतं ते निष्ठेनं. मालक कोण, किल्ला कुणाचा, हे त्या धडालाही ठाऊक आहे असं लोककथेला म्हणायचंय. हेसियन सैनिकाला ना देश, ना धनी, ना त्या मातीत आपलं म्हणणारं माणूस. म्हणून त्याचं धड कुणीही कामाला लावू शकतं. इकाबॉड रानातल्या त्या मृतांच्या झाडापाशी पोचतो, सालीवर घाव घालतो तर रक्त उसळतं, मुळांत मुंडकी अडकवलेली सापडतात. खाली थडगं उकरलं तर सांगाडा आहे आणि कवटी नाही. कवटी कुणीतरी नेलीय, आणि ज्याच्या हातात कवटी, त्याचा हुकूम घोडेस्वारावर चालतो. मेल्यानंतरही तो भाडोत्रीच राहिला.

कवटी लेडी व्हॅन टॅसलकडे असते, बाल्टसची दुसरी बायको, कॅट्रिनाची सावत्र आई. मिरांडा रिचर्डसन यांनी तिची आणि रानातल्या तिच्या बहिणीची, अशा दोन्ही भूमिका केल्यात. तिचं मूळ नाव आर्चर. लहानपणी वडील वारले, आणि व्हॅन गॅरेटनं विधवा आईला दोन पोरींसह झोपडीतून हाकललं. ते घर दिलं कुणाला, तर व्हॅन टॅसलना. तिघींनी रानात दिवस काढले, आई वारली. त्याच रानात त्या लहानग्या बहिणींसमोर हेसियन आला. तो बोट ओठांवर ठेवून गप्प राहण्याची खूण करत असताना तिनं मुद्दाम वाळकी काटकी मोडली, आणि त्याच आवाजानं सैनिक त्याच्यापर्यंत पोचले. पुढे कॅट्रिना इकाबॉडला ती पडकी झोपडी दाखवते. आपण लहानपणी इथे राहायचो म्हणते, आणि चुलीच्या दगडावर धनुर्धराची आकृती कोरलेली दिसते. आर्चर म्हणजे धनुर्धर. पुरावा डोळ्यासमोर असतो, इकाबॉड पाहतोही, पण त्याला वाचता येत नाही.

या खोऱ्याचा खरा इतिहास या कथेला आणखी धार देतो. हडसनच्या काठी डच जमीनदारांच्या अफाट जहागिऱ्या होत्या आणि त्यांच्या जमिनी कुळं कसत. त्यांतली एक फिलिप्स घराण्याची. चित्रपटातल्या दंडाधिकाऱ्याचं आडनाव तेच आहे. स्वातंत्र्ययुद्धात हे घराणं राजाच्या बाजूनं राहिलं, १७७९ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळानं त्यांची जहागीर जप्त केली आणि पुढे तिचे तुकडे विकले, त्यांतले बरेच कसणाऱ्या कुळांनीच घेतले. चित्रपटातल्या स्लीपी हॉलोमध्ये मात्र असं काही घडलेलं नाही. हेसियन मेला त्यालाही चित्रपटाच्या हिशेबानं १७७९ चाच हिवाळा येतो. हा योगायोग असेल. पण जमीनदारी इथे शाबूत राहिली आणि त्याच सुमाराला त्या जमिनीखाली एक भूत पुरलं गेलं, ही जुळणी मला फार बोलकी वाटते.

दृश्यांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. रान बहुतांशी स्टुडिओत उभारलेलं, गाव इंग्लंडमधल्या एका दरीत बांधलेलं. कला-दिग्दर्शनासाठी रिक हाइनरिक्स आणि पीटर यंग यांना ऑस्कर मिळालं. छायाचित्रकार एमान्युएल लुबेझ्की यांनी रंग इतके उतरवले की चित्र जवळजवळ राखाडी होतं आणि रक्त तेवढं उठून दिसतं. जुन्या भयपटांना केलेले नमस्कार जागोजाग आहेत: १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधली जळती पवनचक्की, मारिओ बावा यांच्या १९६० च्या चित्रपटातला खिळ्यांचा मुखवटा आठवावा असं इकाबॉडच्या आईचं मरण. आणि हॅमर कंपनीच्या १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’तले क्रिस्टोफर ली आणि मायकेल गॉफ, दोघंही इथे आहेत. एक इकाबॉडला खोऱ्यात पाठवतो, दुसरा मृत्युपत्र लिहितो.

पण एक प्रसंग मला सविस्तर सांगायलाच हवा. किलियन कुटुंबाच्या घरी रात्र. लहान मुलासाठी मेणबत्तीवर फिरणारा एक कंदील लावलाय, त्यातून भिंतीवर चेटकिणींच्या आणि राक्षसांच्या सावल्या फिरताहेत. मुलगा त्या पाहतोय, म्हणजे तोही एक छोटा भयपटच बघतोय. मग चुलीतली आग एकदम भडकते आणि दार फुटतं. बाप मरतो. आई मुलाला फळ्यांखालच्या पोकळीत लपवते. ती मरते, आणि तिचं डोकं जमिनीवर पडून फळ्यांच्या फटीतून थेट मुलाच्या डोळ्यांत बघत राहतं. घोडेस्वार डोकी उचलून दाराकडे निघतो. आपण श्वास सोडतो. कारण हजार भयपटांनी आपल्याला शिकवलंय की लहान मूल वाचतं. पण घोडेस्वार थांबतो, मागे फिरतो आणि फळीत तलवार खुपसून ती उचकटतो. पुढचं दाखवलेलं नाही, फक्त त्याच्या पिशवीचा आकार दिसतो. हा निव्वळ धक्का असता तर मी इथे त्याचं नाव काढलं नसतं. मूल यादीत आहे म्हणून मरतं. माहितगार घरातलं कुणी जिवंत ठेवायचं नाही, असं कवटी हातात असलेल्या बाईनं ठरवलंय. सगळ्यात निष्पाप जीव मारला जातो तिथे भुताचा निर्दयपणा आणि कागदी हिशेबाचा निर्दयपणा एकच होतो.

इकाबॉडची बुद्धी यात कितपत उपयोगी पडते? पहिल्यांदा तो चुकतो. मिळकत कुणाला जाते एवढं पाहून तो बाल्टसला दोषी धरतो. कॅट्रिनानं खडूनं काढलेल्या खुणा पाहून तो तिच्यावर, म्हणजे ज्या मुलीवर त्याचा जीव जडलाय तिच्यावर संशय घेतो. त्याच्या स्वप्नांतून कळतं की त्याच्या आईलाही चेटकीण ठरवून त्याच्या बापानंच लोखंडी सापळ्यात मारलं होतं. आईच्या बाजूनं उभा राहिलेला मुलगा मोठा होऊन बापाची भाषा बोलतो, हे चित्रपटातलं सगळ्यात दुखरं सत्य आहे. सुटका दोन्हीकडून एकदम येते. कॅट्रिनानं दिलेल्या मंत्रांच्या पुस्तकात त्याला कळतं की त्या खुणा प्रिय माणसाच्या रक्षणासाठी असतात. आणि लेडी व्हॅन टॅसलचं म्हणून पुरायला नेलेल्या धडाचा हात पाहून त्याच्या लक्षात येतं की हातावरची जखम मेल्यानंतर केलेली आहे, म्हणजे ते धड तिचं नव्हेच. शवविच्छेदकाची नजर आणि चेटकाचं पुस्तक, दोन्ही लागतात. त्याच्याकडे एक फिरती चकती असते, एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा. फिरवली की पक्षी पिंजऱ्यात. प्रत्यक्षात हे खेळणं १८२० च्या दशकात आलं, पण बर्टननी ते १७९९ मध्ये आणलं ते योग्यच केलं, कारण दोन बाजू एकत्र पाहिल्याशिवाय इकाबॉडलाही सत्य दिसत नाही.

चित्रपटाचा शेवट मला पूर्ण पटत नाही, हे सांगितलं पाहिजे. लेडी व्हॅन टॅसल बांधलेल्या कॅट्रिनाला आपली सगळी कारस्थानं क्रमानं ऐकवते. तपासकथेतला शेवटचा उलगडा हा संकेत इथे आणून ठेवल्यामुळे आपण वीस वर्षं धगधगत असलेला एक संताप पाहण्याऐवजी फक्त खुलासा ऐकतो. बेदखल झालेल्या मुलीच्या तोंडी आलेलं हे एकमेव मोठं भाषण आहे, आणि पटकथा त्याचा उपयोग धागे जुळवायला करते. मग इकाबॉड कवटी घोडेस्वाराकडे फेकतो, त्याला शिर परत मिळतं, तो लेडीला उचलतो, तिचं चुंबन घेऊन तिचं तोंड रक्तबंबाळ करतो आणि दोघं झाडात गडप होतात. घोडेस्वाराचा हिशेब चुकता झाला. तो मोकळा झाला याचा आनंदही होतो.

मिळकतीचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. वारसांपैकी कॅट्रिना एकटी उरते, म्हणजे खोऱ्यातलं सगळं तिचं. इकाबॉड, कॅट्रिना आणि नोकर मॅसबाथचा मुलगा अशी तिघं न्यूयॉर्कला येतात, नवं शतक उजाडतंय, आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली एवढ्याच कारणानं ज्याचा बाप मारला गेला तो पोरका मॅसबाथ त्यांचं सामान वाहत मागून चालतो. त्याआधीच इकाबॉडनं गोळा केलेले कागद कॅट्रिनानंच आगीत टाकलेले असतात, वडिलांवर आळ येऊ नये म्हणून. पटकथा ते मुलीचं प्रेम म्हणून सोडून देते, इकाबॉडही क्षमा करतो. पण विनशिपबाईंच्या आणि तिच्या पोटातल्या मुलाच्या हक्काचा पुरावा त्या आगीत गेला, आणि त्याचा लाभ आग लावणारीलाच झाला. नायिकेला थोडीशी काळी छटा द्यायची ही संधी वॉकर आणि बर्टन यांच्या हाताशी होती, आणि माझ्या मते ती त्यांनी घ्यायला हवी होती.